भातशेतींतील पाणी : एका समजुतीचा इतिहास



भात पाण्यांतच वाढतें, ही समजूत आपणां भात खाणाऱ्यांच्या मनांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, तिला पुरावा मागण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. बांधापर्यंत तुडुंब भरलेलें खाचर दिसलें म्हणजे शेतकरी निश्चिंत होतो. परंतु भात साचलेलें पाणी सोसतें. त्यावांचून तें जगत नाहीं असें मात्र नव्हे. पाणी तुंबविण्याचा एक मोठा हेतु तण दडपणें हा होय. ही गोष्ट जगाच्या ध्यानांत कशी आली, तें आज सांगावयाचें आहे.

आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर हें मोठें बेट आहे. तेथील मुख्य अन्न भात. तरी शेतकरी गरीब व पीक तुटपुंजें. आन्री द लोलानिए हे फ्रेंच जेसुइट धर्मोपदेशक १९६१ सालीं तेथें गेले. कृषिशास्त्राचें शिक्षण झालेलें असूनहि त्यांनीं आरंभीं उपदेश न करतां निरीक्षण केलें. कांहीं शेतकरी चुडीऐवजीं एकेक रोप लावीत, कांहीं खाचरांत सतत पाणी ठेवीत नसत. हें त्यांनीं टिपून ठेविलें. १९८१ सालीं आन्त्सिराबे येथें त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं एक लहानशी शाळा काढली.

१९८३ च्या हंगामांत पावसानें घोटाळा केला, आणि अवघ्या पंधरा दिवसांचीं रोपें लावण्याची पाळी आली. इतकीं कोंवळीं रोपें तगणार नाहींत, असाच सर्वांचा समज. परंतु त्यांस फुटवे अपेक्षेपेक्षां कितीतरी अधिक आले! पुढें लोलानिए यांनीं पद्धत बसविली ती अशी : कोंवळीं रोपें, एके ठिकाणीं एकच, सुमारें पंचवीस सेंटिमीटर अंतरावर, जमीन ओली, पण बुडालेली नव्हे, फिरत्या कोळप्यानें तण काढणें, आणि भरपूर शेणखत-कंपोस्ट. १९९० सालीं ‘तेफी साइना’ ही संस्था निघाली. ह्या नांवाचा अर्थ ‘मन सुधारणें’ असा आहे. मज शिक्षकास तो विशेष रुचतो. लोलानिए १९९५ सालीं वारले. पुढें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे नॉर्मन अपहॉफ यांनीं ही पद्धत देशोदेशीं पोंचविली. विक्रमी उत्पन्नाच्या कांहीं दाव्यांवर शास्त्रज्ञांनीं कठोर आक्षेप घेतले, आणि तो वाद निष्फळ नव्हता. त्यामुळें मोजमाप अधिक काटेकोर झालें.

आतां दुसरा धागा. १७७६ सालीं इटलींतील आलेस्सान्द्रो व्होल्टा यांनीं माज्जोरे सरोवराच्या कांठच्या चिखलांतून निघणारे बुडबुडे गोळा केले. तो वायु पेट घेई. तोच मिथेन. पाण्याखालीं जमिनींत प्राणवायु पोंचत नाहीं; तेथें सूक्ष्म जंतु कुजक्या पदार्थांपासून हा वायु तयार करितात, आणि भाताच्या पोकळ देठांतून तो वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बवायूच्या सुमारें अठ्ठावीसपट उष्णता तो कोंडून धरतो. म्हणजे तुडुंब खाचर केवळ पाणीच खर्च करीत नाहीं, तर हवाहि तापवितें.

फिलिपिन्समध्यें लोस बान्योस येथें १९६० सालीं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिनें प्रचारांत आणलेला उपाय अगदीं साधा आहे. भोंकें पाडलेली एक नळी शेतांत पुरावयाची. आंतील पाणी जमिनीखालीं १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलें कीं, पुनः पाणी द्यावयाचें. फुलोऱ्याच्या वेळीं मात्र पाणी तुटूं द्यावयाचें नाहीं. ह्यानें पीक न घटतां तीस टक्क्यांपर्यंत पाणी वांचूं शकतें, आणि मिथेन सुमारें निम्म्यानें घटतो. जमीन सुकतांना नायट्रस ऑक्साइड हा दुसरा तापदायक वायु कांहींसा वाढतो; म्हणून नत्रखत बेतानें घालावें लागतें.

फिलिपिन्समधील बोहोल बेटावर कालव्याच्या तोंडाशीं असलेले शेतकरी खाचरें भरून घेत आणि शेपटाकडच्यांच्या वाट्यास कोरडी जमीन येई. तेथें ही पद्धत पाळीनें अमलांत आल्यावर खालच्यांसहि पाणी पोंचूं लागलें. मला ह्या इतिहासांत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या खाचरांतील वरचें चार बोटें पाणी आपल्या पिकास अनावश्यक असेल, पण शेजाऱ्याचें तेंच सर्वस्व असूं शकतें. पाणी तुंबविण्यास बांध पुरतो; तें सोडण्यास मात्र जुनी समजूत सोडावी लागते.