ताण येतो, घोर लागतो

मराठी वर्तमानपत्रांत एक जोडी कायमची ठरलेली आहे : ‘तणावपूर्ण शांतता’. नांदेडला एखाद्या चौकात रात्री दगडफेक झाली की सकाळच्या बातमीत ती हमखास सापडते. इंग्रजीतल्या ‘टेन्स’ या विशेषणासाठी आपण ‘तणावपूर्ण’ घडवलं आणि माणसाला लावायला ‘तणावग्रस्त’. दोन्ही शब्द छापण्यापुरते. लोह्याच्या बाजारात किंवा लातूरच्या गंजगोलाईत कोणी ‘मी तणावग्रस्त आहे’ म्हणताना ऐकू येणार नाही. तिथे म्हणतात, ‘लई टेन्शन आलंय.’

इंग्रजी ‘टेन्स’ लॅटिनच्या ‘टेन्डेरे’वरून आला. त्याचा अर्थ ताणणे. आपला ताण संस्कृत ‘तन्’ धातूचा आणि ही दोन्ही घराणी मुळात एकच. तंतू, तान, तंत्र, संतान हे सगळे त्याच ‘तन्’चे. तिकडे तंबूला ‘टेंट’ म्हणतात, तोही ‘टेन्डेरे’च्याच वंशातला, कारण कापड ताणल्याशिवाय तंबू उभा राहत नाही. व्याकरणातल्या काळालाही इंग्रजीत ‘टेन्स’च म्हणतात, पण तो वेगळ्या लॅटिन शब्दावरून आला. दोघांचं साम्य निव्वळ उच्चारापुरतं.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या शब्दांचे मूळ अर्थ अजून डोळ्यांना दिसतात. मार्गशीर्षात भरणारी ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. राहुट्या उभ्या करताना खुंट्यांना जी दोरी बांधतात तिला मराठीत तणावा म्हणतात. फारसी-उर्दूत तिचंच नाव तनाब. घोड्याच्या पोटाखालून खोगिराचा जो पट्टा आवळतात तो तंग. फारसी ‘तंग’ म्हणजे अरुंद, आवळलेला. १९४८च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे हा शब्द इथे चांगलाच मुरला. कपडा तंग असतो, पैशाची तंगी असते, पोरं आईला तंग करतात. या सगळ्यांत जागा कमी पडल्याची भावना आहे. ‘ताण’मध्ये ती नाही. ताणात दोन टोकं असतात आणि ओढ असते.

ओढ वाईटच असते असं मात्र नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, त्याचं कापड उदगीरला विणलं जातं. मागावरचा उभा धागा म्हणजे ताणा. तो ढिला पडला तर कापडच होणार नाही. आणि दिवसभर राबून आलेला माणूस जेवून अंथरुणावर पडतो तेव्हा तो काय करतो? ताणून देतो. ज्या क्रियापदातून ताण निघाला त्याच क्रियापदातून इतकी निवांत झोपही निघाली, हे मला मराठीचं मोठं सुंदर देणं वाटतं.

आता व्याकरणाकडे. इंग्रजीत माणूस ‘टेन्स’ असतो, जसा उंच असतो किंवा गोरा असतो. मराठीत दोरी ताणलेली असते, दोन भावांचे संबंध ताणलेले असतात. माणसाला ताण येतो. भूक लागते, राग येतो, भीती वाटते, त्याच रांगेत तोही. बाहेरून येणारी गोष्ट, म्हणून जाऊही शकणारी. ‘टेन्शन’ आलं तेव्हा तेही निमूटपणे याच रांगेत बसलं : येतं, देतात, घेतात. ‘टेन्शन घेऊ नको’ ही रचना इंग्रजीची नाहीच. ‘धसका घेऊ नको’च्याच साच्यातली ती आहे.

माझी तक्रार ‘टेन्शन’बद्दल नाही, तो आता आपलाच शब्द आहे. तक्रार आहे ती ‘तणाव’ हा एकच शब्द सगळीकडे थापण्याबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. त्यानंतर धडधाकट घरांतली माणसंही अंगणात झोपू लागली. त्यांना तणाव नव्हता, त्यांनी धसका घेतला होता. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या काळात उमरीपासून उदगीरपर्यंत होती ती दहशत. २०१६च्या उन्हाळ्यात लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. घागरी मांडून टँकरची वाट पाहणाऱ्या बाईचा जीव टांगणीला लागला होता. पेरणीनंतर पावसाने उघडीप दिली की सोयाबीनवाल्याला लागतो तो घोर. टांगणीला शेवट असतो, टँकर येतो किंवा येत नाही. घोर रात्रभर उशाशी बसून असतो.

लातूरच्या ट्यूशनच्या गल्ल्यांत हा भेद पाळणं सगळ्यांत गरजेचं आहे. ‘लातूर पॅटर्न’चं नाव ऐकून मराठवाडाभरातून आणि बाहेरूनही पोरं ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीला इथे येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. निकालाच्या आदल्या दिवशी होते ती धाकधूक. ती तर शहाण्यासुरत्यालाही होते, निकालाबरोबर जाते. वर्षाच्या मधेच चाचणीत मार्क घसरत चालले आणि बापाने फीसाठी काढलेलं कर्ज आठवत राहिलं, घरी फोनवर सांगता येत नाही, तर त्याला घुसमट म्हणतात. बाहेरून दोन्ही पोरं सारखीच दिसतात. ‘ताण आहे का?’ असं विचारलं की दोघंही मान हलवतात आणि तिथेच बोलणं संपतं. ‘घोर कशाचा लागलाय?’ असं विचारलं तर निदान ‘कशाचा’ला उत्तर द्यावं लागतं. मावशी, काकू, मेसवाल्या ताई हा प्रश्न आपसूक विचारतात. शाळा-कॉलेजांतल्या समुपदेशनाच्या छापील प्रश्नावल्यांतही तो याच शब्दांत यायला हवा, ‘ताणतणावाची पातळी’च्या ओळीच्या वर.