मद्य, नायिका, कादंबरी

परवा वाचनालयात एका जाडजूड आत्मचरित्राला मी ‘कादंबरी’ म्हणालो. ग्रंथपालबाई हसल्या, “अहो, हे सगळं खरं घडलेलं आहे!” घरी येऊन कोश उघडला, तर नशाच चढली. संस्कृतात कादंबरी म्हणजे कदंबाच्या फुलांपासून केलेलं मद्य. कोकिळा आणि सरस्वती हेही तिचे अर्थ.

सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने हेच नाव आपल्या गंधर्वकन्या नायिकेला दिलं आणि तिच्या प्रेमकथेलाही. ती अपुरी राहिली. पुढे मुलाने पूर्ण केली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘नॉव्हेल’ आपल्याकडे आलं. हिंदी आणि बंगालीने त्याला ‘उपन्यास’ म्हटलं, गुजरातीने ‘नवलकथा’. मराठी आणि कन्नडने मात्र बाणाच्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात.

आता ‘लघुकादंबरी’ आहे, ‘चरित्रात्मक कादंबरी’ आहे, आणि वर्गाच्या हजेरीपटावर एखादी कादंबरीही असते. मला मात्र घरी ऐकू येतं ते वेगळंच, “मुद्द्याचं बोला, कादंबरी नको!”