लोणीच्या लाउडस्पीकरवरून माजोर्ड्यापर्यंत

पुण्याजवळच्या लोणी स्टेशनला उतरून राजबागेकडे निघालात की हातातलं घड्याळ खिशात टाका. आज तिथे विद्यापीठ आहे; तुम्ही फाटकातून आत शिराल ते १९७७ सालात. मुळा-मुठेकाठच्या राज कपूरच्या या शेतावर ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण चाललंय. लाउडस्पीकरवर आधीच ध्वनिमुद्रित केलेलं गाणं वाजतंय. सगळ्यांच्या नजरा झीनत अमानवर. तुम्ही मात्र लताबाईंच्या आवाजामागची व्हायोलिनं ऐका. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीत चाल हा लक्ष्मीकांतचा प्रांत. ही व्हायोलिनं कुठे उठवायची, कुठे गप्प करायची, ते प्यारेलाल बघतो. हे तो कुठे शिकला?

त्याच वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ लागलाय. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ सांगतो ते ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव प्यारेलालच्या व्हायोलिनच्या गुरूचं. मला विचाराल तर हिंदी सिनेमात इतकी मनापासूनची गुरुदक्षिणा दुसरी नसेल, आणि इतकी गमतीदारही. गाणं देशभर वाजतंय. खरा अँथनी केव्हाच सिनेमाबाहेर पडलाय.

आणखी मागे चला. १९५८, मुंबई, सेंट झेवियर्स कॉलेजचा चौक. सूटबूटातले गोवेकर वादक स्टँडवरचे कागद नीट करताहेत. अँथनीने स्वतःचा भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केलाय. गायला लताबाई आणि मन्ना डे. इथे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रागांवर रचना लिहिल्या गेल्यात. गवयाला चौकट नको असते आणि वाद्यवृंदाचं चौकटीशिवाय चालत नाही. हा माणूस दोघांनाही एकाच कागदावर बसवायला निघालाय. पुढे तो शिकायला अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात जाईल. परतल्यावर सिनेमाकडे वळणार नाही.

आता चाळिशीच्या दशकाचा शेवट. समोर आठेक वर्षांचा प्यारेलाल. वडील रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवतात. नोटेशनची गोडी घरातलीच. अँथनीसमोर उभं राहिलं की हनुवटीखाली व्हायोलिन, डोळे कागदावर आणि कान शेजारच्या वादकाकडे, असं तिन्ही सांभाळायचं. राहुल देव बर्मनही याच मास्तरांचा शिष्य.

१९४३. सोळा वर्षांचा अँथनी संगीतकार नौशादच्या वादकांत बसलाय. संगीतकार चाल गुणगुणतात, ती लिहून कुणी काय वाजवायचं हे अरेंजर ठरवतो. नोटेशन वाचता-लिहिता येणाऱ्या गोवेकराला इथे मोल आहे, पडद्यावर नाव मात्र सहसा नाही. पुढे अँथनीही अरेंजर होईल.

एवढं वाचायला तो शिकला कुठे, ते पाहायला त्याच्या गावी, माजोर्ड्याला, उतरा. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज, म्हणजे स्वरांच्या नावांनी गाणं वाचणं, घोकायला लावत. अँथनीचे वडील इथल्या चर्चचे गायनप्रमुख, गावाच्या भाषेत मेस्त. तुम्हीही बाकावर बसा. आधी दो-रे-मी तोंडाने म्हणायचं, हाताने ताल धरायचा; वाद्य नंतर. बाहेर पोरं खेळताहेत. तुमचा ‘फा’ घसरतो, मेस्त थांबवतात, पुन्हा पहिल्या ओळीपासून. व्हायोलिन कधी देणार, असं विचारायची तुमची छाती होत नाही.