दुबईत ८ लाखांची बाईक भोरला पोहोचेपर्यंत १९ लाखांची कशी होते?

रविवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्यावर उभं राहिलं की बघायला मिळतं. मोठमोठ्या बाईकचे ताफे येतात. काही चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे वळतात, काही पुढे कापूरहोळवरून भोरला जातात. कुणाला पाबे घाट करायचा असतो, कुणाला मढे घाट, तर कुणाला भाटघरच्या कडेने वरंधा. (वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा.) चहाच्या टपरीवर ताफा थांबला की गावातली पोरं गाडीभोवती जमतात, फोटो निघतात आणि स्टेटसला लागतात.

मग दुबईत कामाला असलेल्या मावसभावाचा मेसेज येतो : "ही गाडी इथे ८ लाखांत मिळते. पाठवू का?"

प्रश्न साधा आहे, उत्तर नाही. "आयातीवर भरपूर टॅक्स लागतो" एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण एका कराच्या वर दुसरा कर कसा बसतो, बंदरात एकेक दिवस कसा महागात पडतो आणि गाडी दारात आल्यावरही खर्च का थांबत नाही, हे कुणी सांगत नाही. घरचा पैसा अडकतो तो नेमका इथे.

आधी गणित

समजा, गाडी ५०० ते १६०० सीसीमधली आहे, कोरी आहे आणि परदेशात तिची किंमत ८ लाख रुपये आहे. जहाजाचं भाडं आपण ६० हजार धरू. हा आकडा केवळ उदाहरणापुरता. खरं भाडं देश, पेटी आणि हंगाम यांवर ठरतं. प्रवासाचा विमा ९ हजार. विम्याची पावती नसेल, तर कस्टम्स किमतीच्या १.१२५ टक्के विमा धरतं, म्हणजे इथे बरोबर ९ हजारच.

पहिला धक्का इथेच बसतो. सीमाशुल्क ८ लाखांवर लागत नाही. ते भाडं आणि विमा मिळवून होणाऱ्या ८,६९,००० रुपयांवर लागतं. १६०० सीसीपर्यंतच्या तयार गाडीला दर ४० टक्के आहे, म्हणजे ३,४७,६०० रुपये. बेरीज झाली १२,१६,६०० रुपये.

आता जीएसटी. ३५० सीसीच्या वरच्या बाईकला २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे, आणि तो सीमाशुल्क मिळवलेल्या रकमेवर लागतो. कराच्या रकमेवर पुन्हा कर. हे झाले ४,८६,६४० रुपये. गाडी कस्टम्समधून सुटली तेव्हा तिची किंमत १७,०३,२४० रुपये झाली. यात ८,३४,२४० रुपये निव्वळ कर आहे, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा कर जास्त.

आरटीओ बाकी आहेच. महाराष्ट्रात २९९ सीसीच्या वरच्या दुचाकीला रस्ता कर १२ टक्के लागतो. परदेशातून आणलेल्या वाहनांना दर याहून चढा असतो, त्यामुळे आरटीओत विचारल्याशिवाय हिशेब पक्का धरू नका. १२ टक्केच धरले तरी आणखी २,०४,३८९ रुपये. एकूण १९ लाख ७ हजारांच्या वर. कस्टम्स एजंट, बंदराचे आकार, गावापर्यंतचा टेम्पो आणि गाडीचा विमा यात धरलेला नाही. एखादा अधिभार लागत असेल, तर तोही नाही.

जहाजाच्या भाड्याकडे पुन्हा एकदा बघा. ६० हजारांवर आधी सीमाशुल्क, मग जीएसटी, मग रस्ता कर लागला आणि घरी येईपर्यंत त्याचे १,३१,७१२ रुपये झाले. "भाडं तेवढं ६० हजार" असं मावसभाऊ सांगतो तेव्हा त्याचं चुकत नाही. त्याच्या हातातून तेवढेच जातात.

"पण बजेटमध्ये ड्युटी कमी झाली होती ना?"

झाली होती. २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत ८०० सीसीच्या वरच्या तयार गाड्यांवर ७५ टक्के आणि खालच्यांवर ६० टक्के सीमाशुल्क होतं. ते सरसकट ५० टक्के झालं. हार्ले-डेव्हिडसनवरच्या भारतीय कराबद्दल डोनाल्ड ट्रम्प जाहीर तक्रार करत होते, तेच हे दिवस. मग १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना ४० टक्के आणि त्यावरच्यांना ३० टक्के दर आला. "परदेशी बाईक स्वस्त होणार" अशा पोस्ट तेव्हा बऱ्याच फिरल्या.

त्या पोस्ट अजूनही फिरतात, म्हणून हा हिशेब. १०० रुपयांची गाडी जानेवारी २०२५ मध्ये सीमाशुल्क ५० टक्के, जीएसटी २८ टक्के आणि उपकर ३ टक्के धरून १९६ रुपये ५० पैशांना पडायची. फेब्रुवारीत ती १८३ रुपये ४० पैशांवर आली. सप्टेंबरमध्ये उपकर गेला, पण जीएसटी ४० टक्के झाला आणि गाडी पुन्हा १९६ रुपयांवर गेली. वर्षभराच्या उलाढालीनंतर १०० रुपयांमागे वाचले ५० पैसे. १६०० सीसीच्या वरच्या अवजड गाड्यांना मात्र खरोखर फायदा झाला, त्या १८२ रुपयांना पडतात. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के झाल्याने त्या १६५ रुपयांच्या आसपास येतात. पण त्या वर्गात परदेशातून गाडी आणण्याची हौस कुणाला असते?

एक फेरी मारली, गाडी 'जुनी' झाली

वरचा ४० टक्के दर कोऱ्या गाडीचा आहे, आणि कोरी म्हणजे जगात कुठेही नोंदणी न झालेली. मावसभावाने दुबईत स्वतःच्या नावावर पासिंग करून महिनाभर चालवली, तर कागदावर ती वापरलेली गाडी. सवलतीचा दर गेला, बराच चढा दर लागू झाला. मीटरवर २०० किलोमीटर असोत की २० हजार.

वापरलेल्या गाडीच्या अटीही वेगळ्या आहेत. ती बनून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिची देखभाल इथे होईल, याची हमी लागते. वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा मीटर हवा. इंग्लंडमधल्या गाडीवर मैल असतात. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा हवा. दुबई-अमेरिकेत वाहतूक उजवीकडून, त्यामुळे तिथल्या गाडीचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. म्हणजे अख्खा दिवा बदला. भारतीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याच्या साडीचा-ओढणीचा विचार करून मागचं चाक झाकायला सांगितलं आहे. इटलीत बनलेल्या स्पोर्ट्स बाईकला साडीगार्ड लावलेला बघून हसू येतं, पण नियम चांगला आहे.

तपासणीसाठी गाडी पुण्याच्या एआरएआयकडे किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईकडे न्यावी लागू शकते. भोरकरांच्या दृष्टीने एवढी एकच गोष्ट जवळची.

"मी कायमचा परत येतोय, सामानातून आणतो" हा मार्गही बंद आहे. सीमाशुल्क कायद्यात प्रवाशाच्या 'सामाना'ची व्याख्या आहे आणि मोटार वाहन त्यात मोडत नाही, असं ती स्पष्ट सांगते. टीव्ही-फ्रीजची सवलत गाडीला लावता येत नाही.

बंदरात घड्याळ चालू असतं

खिशाला खरी भोकं इथे पडतात, कारण हे पैसे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतात. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत 'बिल ऑफ एंट्री' दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि त्यानंतर रोज १० हजार रुपये आकार. एखादा मूळ कागद कुरियरमध्ये आठवडाभर अडकला, तर तीन दिवसांचे १५ आणि चार दिवसांचे ४० मिळून ५५ हजार गेले. बंदराचं जागाभाडं आणि कंटेनर अडकवून ठेवल्याबद्दल जहाज कंपनीचा दंड वेगळा. शुल्क ठरल्यावर ते भरायला उशीर केला, तर त्यावर व्याज. माल ३० दिवसांत सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद कायद्यात आहे.

अशा वेळी कुणीतरी शॉर्टकट सुचवतो. पहिला : बिलावर किंमत कमी दाखवा. गाड्यांच्या किमती जगभर एका क्लिकवर दिसतात आणि पटत नसेल तर जाहीर केलेली किंमत नाकारण्याचा अधिकार कस्टम्सला आहे. मग गाडी जप्त होऊ शकते. ती सोडवायला दंड, वर वेगळी शास्ती आणि मूळ शुल्क तर आहेच. दुसरा : गाडी खोलून 'सुटे भाग' म्हणून आणा. वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे न जोडलेली अख्खी गाडी ही गाडीच धरली जाते. इंजिन एका पेटीत आणि चॅसी दुसऱ्या पेटीत आली म्हणून दर बदलत नाही.

कंपन्या मात्र सुटे भाग आणून इथे जोडतात, ते कसं? त्यांच्यासाठी तसा अधिकृत वर्ग आहे. पूर्ण सुट्या भागांतल्या गाडीला २०२५ च्या अर्थसंकल्पापासून १० टक्के आणि अर्धवट जोडलेलीला २० टक्के शुल्क. जोडणी इथे व्हावी, रोजगार इथे यावा, हा त्यामागचा हेतू. पुणे जिल्ह्याला हे नवं नाही. बजाजच्या बछराज ट्रेडिंगने १९४८ मध्ये दुचाकी-तीनचाकी बाहेरून आणून विकायला सुरुवात केली. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. आज ट्रायम्फ स्पीड ४०० आणि केटीएमच्या लहान गाड्या चाकणला बनून परदेशी जातात. भोरहून चाकण शंभर किलोमीटरच्या आत आहे. तीच गाडी दुबईतून परत आणली, तरी कायद्याच्या लेखी ती आयातच.

दारात आल्यानंतर

समजा सगळं पार पडलं आणि गाडी वेल्ह्यात (सरकारी कागदांवर आता राजगड तालुक्यात) अंगणात उभी राहिली. वॉरंटीचं काय? ती साधारणपणे गाडी जिथे विकली त्या देशापुरती असते. तुम्ही परस्पर आणलेल्या गाडीची जबाबदारी इथला अधिकृत डीलर घेत नाही, आणि ते मॉडेल भारतात विकलंच जात नसेल तर त्याच्याकडे भागही नसतात. पाबे घाटात ब्रेक लिव्हर मोडला तर तो परदेशातून मागवा. त्यावरही शुल्क आणि जीएसटी. तोवर गाडी ताडपत्रीखाली.

पेट्रोलचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बऱ्याच परदेशी गाड्या ५ किंवा १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनवलेल्या असतात. रबरी नळ्या, सील आणि इंधनपंप यांच्यावर जास्त इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो. गाडी ठरवण्याआधी तिच्या माहितीपुस्तकात इथेनॉलची मर्यादा बघा. ती १० टक्के लिहिलेली असेल, तर निदान मी ती गाडी घेणार नाही.

विम्याच्या वेळी गाडीची किंमत काय धरायची यावरून घासाघीस होते. ३५० सीसीच्या वरच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असून तोच १५,११७ रुपयांचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. भाग मिळायला कठीण असलेल्या गाडीचा दावा मंजूर करताना कंपनी काय धरेल, हे आधी लेखी विचारून घ्या.

पन्नास वर्षांहून जुनी, आजोबांच्या काळातली गाडी आणायची असेल, तर तिचा वर्ग वेगळा. २०२१ च्या नियमांनुसार तिला 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नोंदणी शुल्क २० हजार रुपये. पण ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. गडावर फिरायला नेण्यासाठी ती नाही.

'कस्टमने पकडलेली बाईक, फक्त दीड लाख'

फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर अशा जाहिराती सारख्या येतात. कस्टम्स जप्त माल विकतं हे खरं, पण ते लिलावाने, जाहीर सूचना देऊन. लिलाव 'एमएसटीसी'सारख्या सरकारी ई-लिलाव व्यासपीठावर होतो आणि पैसे अधिकृत खात्यात जातात. कुणा 'साहेबां'च्या यूपीआयवर टोकन भरून गाडी मिळत नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्राची प्रत पाठवणं हा या फसवणुकीचा नेहमीचा भाग आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

कुणाकडून आधीच आयात झालेली गाडी घेत असाल, तर चाचणी फेरीच्या आधी तीन कागद मागा : बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याचं चलन आणि आरसी. तिन्हीवरचा चॅसी नंबर एकच हवा आणि तो गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळायला हवा. गाडीवरचा नंबर घासलेला दिसला किंवा आरसीवर भलत्याच मॉडेलचं नाव आढळलं, तर ती गाडी पुढे जप्त झाली तरी तुमचे पैसे विकणाऱ्याकडेच राहतात. नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला हातात पडल्यावरच उरलेली रक्कम द्या.