घड्याळासमोरील निबंध : एका मापनाचा इतिहास

नेमलेल्या ग्रंथांपैकी एखाद्यावर परीक्षेच्या दालनातच छोटासा इंग्रजी निबंध लिहिला पाहिजे, अशी अट हार्वर्ड महाविद्यालयाने १८७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांना घातली. निबंध तपासणारे त्याच महाविद्यालयाचे अध्यापक असत. त्यामुळे गुणांच्या एकवाक्यतेचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. १९०१ मध्ये कॉलेज बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या, अनेक महाविद्यालयांसाठी एकच प्रश्नपत्रिका निघू लागली, आणि हा प्रश्न अटळ झाला.

१९१२ मध्ये स्टार्च व एलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेल्या गुणांत शंभरांपैकी तीसहून अधिक गुणांचे अंतर पडले. निबंधपरीक्षेवरील विश्वास येथून जो डळमळला तो पुढे सावरला नाही. महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये कॉलेज बोर्डाने आपल्या जुन्या निबंधवजा परीक्षा बंद केल्या, आणि पर्यायांतून उत्तर निवडण्याची पद्धती रूढ झाली. १९६० मध्ये बोर्डाने विद्यार्थ्याकडून तासाभरात निबंध लिहवून घेऊन, त्याला गुण न देता, तो तसाच महाविद्यालयांकडे पाठविण्याचा उपक्रम आरंभिला. गुण देण्याची जबाबदारी टाळण्याचा हा मार्ग मोठा मजेदार खरा!

१९६१ मध्ये डीड्रिक, फ्रेंच व कार्लटन यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. अध्यापक, संपादक, वकील, व्यावसायिक अशा ५३ वाचकांनी ३०० निबंधांची नऊ श्रेणींत वर्गवारी केली. शेकडा ९४ निबंधांना सात किंवा अधिक निरनिराळ्या श्रेणी मिळाल्या; पाचांहून कमी श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. या मतभेदाला मात्र काही व्यवस्था होती. कोणी विचारांना प्राधान्य देत होते, कोणी मांडणीला, कोणी शैलीला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी शुद्धलेखनादी नियमांना. ‘लेखनक्षमता’ या एकाच नावाखाली वाचकांच्या मनात भिन्न वस्तू होत्या, हे या संशोधनाचे खरे फलित होय. ते पुढे दुर्लक्षितच राहिले.

त्याऐवजी एकवाक्यता घडवून आणण्याचे तंत्र शोधण्यात आले. १९६६ मध्ये गॉडशॉक, स्वाइनफर्ड व कॉफमन यांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाच विषयांवर निबंध लिहवून घेतले, आणि प्रत्येक निबंध पाच वाचकांनी चटकन वाचून एकत्रित ठशावरून गुण दिले. असे अनेक निबंध व अनेक वाचने एकत्र केल्यास बेरीज बरीच विश्वसनीय होते, असे आढळले. परंतु यातील निबंधांपैकी काही वीस मिनिटांत, तर काही चाळीस मिनिटांत लिहिलेले होते, आणि ‘लेखनक्षमता’ म्हणून ज्याच्याशी इतर मापे ताडून पाहिली गेली ती या घाईत लिहिलेल्या निबंधांचीच बेरीज होती. विश्वसनीयता, म्हणजे मापनातील सातत्य, सिद्ध झाले. यथार्थता, म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजले जाते काय, हा प्रश्न गृहीत धरण्यात आला. लेखन म्हणजे पुनर्लेखन, खाडाखोड, विषयाशी झुंजणे. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये बारावीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनप्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शालेय लेखनात पूर्वतयारीला व पुनर्लेखनाला किती अल्प वाव मिळतो, हे उघड झाले. वेळेच्या मर्यादेत हा वाव जवळजवळ उरतच नाही, आणि परभाषेत लिहिणाऱ्याला तर शब्द शोधण्यातच त्यातील बराच भाग खर्चावा लागतो.

मार्च २००५ मध्ये एसएटी परीक्षेत पंचवीस मिनिटांचा सक्तीचा निबंध आला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधील लेस पेरेलमन यांनी बोर्डाने प्रसिद्ध केलेले नमुने तपासले, तेव्हा निबंधाची लांबी व त्याला मिळालेले गुण यांत विलक्षण मेळ दिसला. शिवाय तपशिलाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत, असा परीक्षकांना आदेशच होता. अर्थात् लांब निबंध बहुधा सकसही असतो, असा प्रतिवाद करता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि दोन परीक्षकांचे गुण जुळण्याचे कारण दोघेही लांबीच पाहतात हे असेल, तर त्या जुळण्याला फारसे मोल उरत नाही. २०१६ मध्ये हा निबंध ऐच्छिक झाला व वेळ पन्नास मिनिटांवर गेला. २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून तो वगळला गेला.

मुंबई-पुण्यातील अनेक पदवीधर परदेशातील प्रवेशासाठी देतात त्या जीआरई परीक्षेत मात्र निबंध टिकून आहे. २००२ पासून तेथे दोन निबंध असत. विश्वसनीयता वाढवावयाची तर विषयांची संख्या वाढविली पाहिजे, हे १९६६ मध्येच स्पष्ट झाले होते. सप्टेंबर २०२३ पासून या दोनांपैकी एक वगळण्यात आला असून उरलेल्या एकासाठी तीस मिनिटे दिली जातात.