पंचवीस सेंटचं तिकीट



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी गाऱ्हाणं मांडलं. त्यांची बारावीतली मुलगी वहीत रॅप लिहिते, मोबाइलवर रेकॉर्ड करते. "हे काय मुलींचं काम आहे का?" म्हणून आज या हिप-हॉपची जन्मकथा सांगते. ती सुरू होते न्यूयॉर्क शहरात, एका मुलीच्या जमाखर्चापासून.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला ब्राँक्स हा भाग आहे. वस्त्या चिरून तिथं मोठा महामार्ग काढला, ऐपत होती ती माणसं निघून गेली. १९७०च्या सुमारास इमारतीमागून इमारती जळत होत्या. तिथल्याच सेजविक अॅव्हेन्यूवर १५२० नंबरच्या इमारतीत जमैकाहून आलेलं कॅम्पबेल कुटुंब राहायचं. सिंडी ही त्यांची मुलगी. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. काम करून थोडे पैसे मिळायचे, पण ते पुरणार नव्हते.

मग तिनं पार्टी ठेवली. तारीख ११ ऑगस्ट १९७३. इमारतीतलीच तळमजल्यावरची खोली भाड्यानं घेतली, कार्डांवर हातानं आमंत्रणं लिहिली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. खाण्यापिण्याची विक्री वेगळी. रेकॉर्ड वाजवायला भाऊ क्लाइव्ह, आणि साउंड सिस्टिम वडिलांची, म्हणजे तोही खर्च वाचला! आपल्या गटाची अध्यक्ष शोभली असती.

हा भाऊ म्हणजेच डीजे कूल हर्क. गाणं थांबून नुसता ताल उरतो, तेव्हा पोरं जास्त नाचतात हे त्यानं हेरलं होतं. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड आलटून पालटून लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या तालावर माइकवरून यमकं जुळवत बोलणं वाढत गेलं, तेच रॅप.

हर्कला हिप-हॉपचा जनक म्हणतात. सिंडीच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी "बहिणीची पार्टी होती" एवढंच येतं. मला हे खटकतं. वही सांभाळणारीचं नाव फलकावर नसतं, हे आपल्याला काही नवीन नाही. पुढं १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं काढून रॅप घराघरांत नेलं तेही एका बाईनं, सिल्व्हिया रॉबिन्सननं. आणि ब्राँक्समध्ये चार पोरांच्या बरोबरीनं शा-रॉक ही मुलगी माइकवर उभी राहत होती.

आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ साली आयपॅडवर 'आफत' चित्रित केलं, २०१९ साली 'गली बॉय' आला, आणि गल्लीतलं रॅप सगळ्यांना कळलं. कल्याणमध्ये वाढलेली डी एमसी, म्हणजे दीपा उन्नीकृष्णन, त्याच फळीतली.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. ताई काही बोलल्या नाहीत. या महिन्यात मात्र त्यांचा अंतर्गत कर्जाचा अर्ज आलाय, दोन हजारांचा, माइकसाठी. कारणाच्या रकान्यात 'शिक्षण' लिहायचं की 'व्यवसाय', यावर आमचा वाद अजून चालू आहे.