आभासी स्मृतीचे माप

‘व्हर्च्युअल मेमरी’ला मराठीत ‘आभासी स्मृती’ हा प्रतिशब्द रूढ झाला आणि गैरसमजाची निम्मी पायाभरणी तिथेच झाली, असे मला वाटते. आभास म्हणजे नसलेले असल्यासारखे दिसणे. संगणकातील ही जागा मात्र हार्ड डिस्कवर खरोखर अडवलेली असते, आणि तिच्यात ठेवलेला मजकूरही खराच असतो. आभासी असतो तो फक्त पत्ता. प्रोग्राम ज्या पत्त्यावर आपले पान आहे असे समजतो, ते पान प्रत्यक्षात रॅममध्ये असेल किंवा डिस्कवर. त्याला ते कळत नाही, कळण्याची गरजही नसते.

ही सोय नव्हती तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी मुंबईबाहेर जाण्याचे कारण नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबाने जेमतेम दहा केबी. त्या पिढीच्या यंत्रांवर मोठा प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो स्वतःच तुकड्यांत तोडावा लागे आणि कोणता तुकडा केव्हा आत आणायचा, याची चिंताही स्वतःच वाहावी लागे.

ही चिंता यंत्रावर सोपवली ती मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ने. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या या संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या मुख्य स्मृतीत १६,३८४ शब्द मावत, तर फिरत्या चुंबकीय ढोलांवर ९८,३०४. दोन्हींची मिळून एकच सलग स्मृती आहे, असे प्रोग्रामला भासे. मजकुराची ने-आण ५१२ शब्दांच्या ठोकळ्यांनी होई. या ठोकळ्याला त्यांनी नाव दिले ‘पेज’, म्हणजे पान. (आपल्या क्षेत्रातून यंत्रशास्त्राने घेतलेली ही उसनवारी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावी.) येथे ढोलांचे मुख्य स्मृतीशी प्रमाण सहापट होते, हेही ध्यानात असू द्यावे.

विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा सामान्यतः वेगळेच प्रमाण आधीच भरलेले असे: डिस्कवरची पेजिंग फाइल आरंभी रॅमच्या दीडपट, वाढत गेल्यास कमाल तिप्पट. घरोघरी संगणक जुळवून देणारी मंडळी हा दीडपटीचा नियम स्मृतिवचनासारखा उद्धृत करीत. मीही तो तसाच स्वीकारला होता.

२००३ साली तळोज्यातील आमच्या घरी १२८ एमबी रॅमचा संगणक होता. औद्योगिक वसाहत आणि सिडकोच्या इमारती यांच्या मधल्या गावांतून त्या वेळी जुन्या धवलारिणी अजून भेटत. आगरी लग्नात विधीगणिक धवले म्हणणाऱ्या या स्त्रिया; कागदाचा आधार न घेता रात्र-रात्र गाणाऱ्या. त्यांपैकी एका वृद्ध बाईंच्या गाण्याची साठ मिनिटांची कॅसेट माझ्याकडे होती. बाई तोवर निवर्तल्या होत्या आणि कॅसेटची दुसरी प्रत नव्हती. ती संगणकात उतरवायची होती.

हिशेब आधी करायला हवा होता, तो मी नंतर केला. स्टिरिओ ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी घेतला, तर अर्ध्या तासाची एक बाजू सुमारे ३०० एमबी होते. माझे संपादनाचे सॉफ्टवेअर सगळा ध्वनी स्मृतीत उघडे आणि खरखर काढताना मूळ प्रतही जवळ ठेवी. म्हणजे ६०० एमबी. उरलेल्या संगणकाचे १२० धरले तर ७२०. उलट नियमाने मिळालेली जागा: रॅम १२८ आणि पेजिंग फाइल कमाल ३८४, एकूण ५१२. जागा अपुरी पडते आहे, ती वाढवली जात आहे, अशी सूचना पडद्यावर आली. काही वेळाने सॉफ्टवेअर बंद पडले आणि न साठवलेले ध्वनिमुद्रण त्याबरोबर गेले.

दीडपटीच्या नियमातील विपर्यास येथे उघड होतो. ज्याची रॅम १२८, त्याला नियम १९२ देतो. ज्याची १,०२४, त्याला १,५३६. ज्याला निकड आहे त्याच्या पदरी थोडे, ज्याला नाही त्याच्या पदरी भरपूर. एका बाबतीत रॅमशी नाते अर्थपूर्ण होते: यंत्र कोसळताना संपूर्ण रॅमची नोंद डिस्कवर उतरवायची असेल, तर फाइल रॅमहून किंचित मोठी लागे. घरात ती नोंद कोण वाचणार?

योग्य रीत मार्क रसिनोविच यांनी २००८ साली स्पष्ट मांडली. नेहमीचे सर्व काम एकदम उघडावे, संगणकाने स्मृतीची जी वचने देऊन ठेवली आहेत त्यांचा उच्चांक पाहावा, त्यातून रॅम वजा करावी. उरेल तो किमान आकार. वजाबाकी ऋण आली, तर कोसळण्याच्या नोंदीपुरती लहान फाइल ठेवावी. मोकळीक हवी असल्यास कमाल आकार किमानाच्या दुप्पट. एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये हा उच्चांक ‘कमिट चार्ज’खाली दिसे, आजच्या विंडोजमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ या शब्दाखाली दोन आकडे असतात, दिलेली वचने आणि त्यांची मर्यादा. पहिला दुसऱ्याजवळ सरकू लागला की फाइल लहान आहे, असे समजावे. माझ्या बाबतीत ७२० वजा १२८, म्हणजे सुमारे ६०० एमबी हे उत्तर होते.

मात्र आकार वाढवल्याने वचन पाळले जाते, वेग वाढत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच दाखवले होते की प्रोग्रामला एका वेळी खरोखर लागणाऱ्या पानांचा संच मुख्य स्मृतीत मावला नाही, तर यंत्र पानांची ने-आण करण्यातच दमून जाते. तेथे उपाय दोनच: रॅम वाढवणे किंवा गरज कमी करणे. रॅम घेण्याइतके पैसे तेव्हा नव्हते. मग ध्यानात आले की कॅसेटवरचा आवाज मुळात एकाच वाहिनीचा आहे. तो स्टिरिओत घेणे हा निव्वळ माझा अविचार होता. मोनोमध्ये ३०० चे १५० झाले.

फाइल ६०० वर नेऊन मी कॅसेट पुन्हा लावली. या वेळी संगणक अडला नाही. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस जुनी फीत मात्र यंत्रात गुंतली आणि चुरगळली. हळदीच्या धवल्यातील अकरा सेकंद ऐकू येत नाहीत. लिप्यंतरात तेथे मी टिंबे दिली आहेत.